७५ मिलिमीटरचा हिशोब: जीएसओचा दोन इंची कोमा करेक्टर

न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत चित्राच्या कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात, त्या दोषाला कोमा म्हणतात; तो काढायला फोकसरमध्ये लावायचं भिंग म्हणजे कोमा करेक्टर. जीएसओ या कंपनीच्या दोन इंची कोमा करेक्टरबद्दल विचारलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, कोपऱ्यापर्यंत तारे टाचणीच्या टोकासारखे येतात. कुणी म्हणतं, लावला काय नि न लावला काय, शेपट्या तशाच. काच दोघांकडे तीच असते. फरक पडतो काचेपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराचा. हा करेक्टर ७५ मिमी मागतो आणि बहुतेक टी-रिंगा (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्या), कॅमेरे व ॲडॅप्टर ५५ मिमीच्या हिशोबाने बनलेले असतात. टी-रिंग आट्यांवर घट्ट बसली म्हणजे काम झालं असं धरून चाललं, तर सेन्सर २० मिमी पुढे राहतो आणि बोल लागतो करेक्टरला.

म्हणून इथे काचेपेक्षा मांडणीबद्दल जास्त लिहिलं आहे. हाच करेक्टर वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनीही विकला जातो, त्यांनाही हे सगळं लागू आहे.

करेक्टर लागतोच का?

पॅराबोलिक आरसा अक्षावरच्या ताऱ्याला चोख बिंदूत आणतो. अक्षापासून बाजूला सरकलं की ताऱ्याला शेपूट फुटतं, आणि ते नेहमी चित्राच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला असतं. शेपटाची लांबी मध्यापासूनच्या अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते, पण एफ-गुणोत्तराच्या (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. सूत्र सोपं आहे: मध्यापासूनचं अंतर गुणिले ३, भागिले १६, भागिले एफ-गुणोत्तराचा वर्ग. एपीएस-सी सेन्सरचा कोपरा मध्यापासून साधारण १४ मिमीवर असतो. तिथे एफ/४ ला शेपूट ०.१६ मिमी, एफ/५ ला ०.१०५ मिमी आणि एफ/६ ला ०.०७ मिमी भरतं. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर हे अनुक्रमे सुमारे ४३, २८ आणि १९ पिक्सेल झाले. प्रकाश शेपटाच्या डोक्याकडे गोळा झालेला असल्यामुळे फोटोत ते एवढं लांब दिसत नाही, पण लपतही नाही.

कोमाचा त्रास जवळजवळ नसलेलं मधलं वर्तुळ एफ/४ ला फक्त १.४ मिमी व्यासाचं असतं, एफ/५ ला पावणेतीन मिमीचं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कोलिमेशनला (आरसे एका अक्षात जुळवायला) लागतील. लहान सेन्सर घेतला की सुटलो, असं एफ/५ वर तरी म्हणता येत नाही: ११ मिमीच्या चौरस सेन्सरच्या कोपऱ्यातही शेपूट १६ पिक्सेलच्या घरात जातं. एफ/८ च्या न्यूटोनियनवर लहान सेन्सर असेल तर मात्र पैसे वाचवावेत.

एक फसगत आधीच टाळा. काही छोट्या न्यूटोनियनमध्ये मुख्य आरसा पॅराबोलिक नसतो, गोलीय असतो. काहींत तर फोकसरच्या नळीतच एक भिंग बसवलेलं असतं आणि नळीची लांबी फोकल लेंग्थच्या मानाने अगदीच आखूड दिसते. अशा दुर्बिणीत चित्राच्या मध्यभागीही तारे मऊच येतात. कोमा करेक्टर पॅराबोलिक आरसा गृहीत धरून बनवलेला असतो. गोलीय आरशाचा दोष त्याच्याने जात नाही.

साखळी कशी जुळवायची

करेक्टरचे दोन भाग सुटे होतात: पुढची भिंगाची नळी आणि मागचा आयपीसधारक. फोटोसाठी मागचा भाग काढून बाजूला ठेवायचा. तो काढल्यावर भिंगाच्या नळीचे एम४८×०.७५ आटे उघडे पडतात. ७५ मिमी मोजायचे ते इथल्या टेकणाऱ्या कडेपासून सेन्सरच्या पृष्ठभागापर्यंत. आट्यांच्या टोकापासून मोजू नका. आटे समोरच्या भागात शिरतात, त्यामुळे त्यांची लांबी हिशोबात येत नाही. स्पेसर (अंतर भरणारी नळी) कॅलिपरने मोजतानाही हीच चूक होते. बाहेर आलेले आटे धरून २० चा स्पेसर २४ चा वाटतो.

डीएसएलआर असेल तर गणित सरळ आहे. कॅनन ईएफ बॉडीत माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर असतो आणि टी-रिंग ११ मिमीची, एकूण ५५. निकॉन एफमध्ये ४६.५ आणि ८.५, पुन्हा ५५. उरले २० मिमी. टी-रिंगेचे आटे एम४२ आणि करेक्टरचे एम४८, त्यामुळे मध्ये एक ॲडॅप्टर येतोच, आणि त्याची जाडीही याच २० मध्ये धरायची. ॲडॅप्टर २ मिमी जाड असेल तर स्पेसर १८ चा. एम४८ आट्यांची रुंद टी-रिंग मिळाली तर हा सांधाही वाचतो आणि कोपऱ्यातला अंधारही कमी होतो. मिररलेससाठीच्या टी-रिंगा लांब असतात, पण बेरीज ५५ लाच आणतात: सोनी ई ला १८ अधिक ३७, निकॉन झेडला १६ अधिक ३९, कॅनन आरएफला २० अधिक ३५.

कूल्ड खगोल-कॅमेऱ्यात खरी मजा आहे. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत पुढच्या कडेपासून सेन्सर १७.५ मिमीवर असतो. म्हणजे हाताशी ५७.५ मिमी मोकळे. त्यात १६.५ मिमीचा ऑफ-ॲक्सिस गायडर (कडेचा थोडा प्रकाश ट्रॅकिंग सुधारणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळवणारा भाग), २१ मिमीचा फिल्टर ड्रॉवर आणि २० मिमीचा स्पेसर बसवला की १७.५ + १६.५ + २१ + २० = ७५. पंचावन्नच्या करेक्टरवर कॅमेरा, गायडर आणि ड्रॉवर एवढंच बसवलं की सगळी जागा संपते, पुढे एक पातळ चकतीही मावत नाही. ज्यांना फिल्टर व्हील, गायडर, रोटेटर असं सगळं लावायचं आहे त्यांच्यासाठी ७५ मिमी ही अडचण नाही, सोय आहे. परीक्षणांमध्ये हा मुद्दा फारसा येत नाही, खरं तर हीच या करेक्टरची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

आता फिल्टर. भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये काच आली की फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो. २ मिमीच्या फिल्टरला ०.७ मिमी, म्हणजे यांत्रिक अंतर ७५.७ करायचं. वाढवायचं, कमी नाही. इथे चूक झाली की ती दुप्पट होते. फिल्टर करेक्टरच्या नाकावर, म्हणजे आरशाच्या बाजूला लावला तर ही भानगड नाही. मात्र फिल्टर बदलायला अख्खी साखळी बाहेर काढावी लागते.

आट्यांबद्दल एक सावधगिरी. टी२ म्हणजे एम४२×०.७५. जुन्या स्क्रू-माउंट कॅमेरा लेन्सचे आटे एम४२×१ असतात. दोन्ही हातात सारखेच दिसतात. पहिला फेरा-दीड फेरा फिरतात आणि मग अडकतात. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात आणि दोन्ही भाग वाया जातात. हलक्या हाताने तीन-चार फेरे फिरले नाहीत तर थांबा.

अर्ध्या-एक मिमीची जुळवणी लागणारच, त्यामुळे ०.५ आणि १ मिमी जाडीच्या एम४८ शिम चकत्या आणून ठेवाव्यात. व्हेरिएबल स्पेसर सोयीचा वाटतो, पण त्याचे छोटे कडीस्क्रू एका बाजूने दाबतात आणि टिल्ट (सेन्सरचा तिरकेपणा) आणतात. अंतर शोधायला तो वापरा आणि आकडा सापडला की तेवढ्याच लांबीचा पक्का स्पेसर घाला.

फोकस पोचतो का?

भिंगाची नळी ड्रॉट्यूबमध्ये (फोकसरच्या सरकत्या नळीत) जाते आणि सेन्सर तिच्या मागच्या कडेपासून ७५ मिमी बाहेर राहतो. फोकसर पूर्ण आत घेतल्यावरही आरशाचा फोकस तेवढा बाहेर यायला हवा. तपासायची सोपी रीत: करेक्टर, आयपीस काही न लावता दुर्बीण चंद्राकडे धरायची, फोकसर पूर्ण आत घ्यायचा आणि ड्रॉट्यूबच्या तोंडासमोर बटर पेपर पुढे-मागे करायचा. चंद्र रेखीव दिसेल तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. करेक्टरमुळे फोकस थोडा सरकतो, त्यामुळे अगदी काठोकाठ माप असेल तर भरवसा धरू नका. केवळ पाहण्यासाठी बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये हे अंतर बरेचदा कमी पडतं.

कमी पडलं तर मुख्य आरसा वर सरकवावा लागतो. थोडंच कमी पडत असेल तर कोलिमेशनच्या स्क्रूंमध्ये भागतं, जास्त असेल तर लांब स्क्रू आणि स्प्रिंगा घालून. आरसा वर सरकवला की दुय्यम आरशाजवळचा प्रकाशाचा शंकू जाड होतो आणि लहान दुय्यम आरसा कडेचा प्रकाश गाळतो, हेही ध्यानात ठेवायचं.

उलट त्रासही होतो. फोकसर फार आत गेला तर ड्रॉट्यूबचं टोक किंवा करेक्टरचं नाक दुर्बिणीच्या नळीत डोकावतं आणि येणाऱ्या प्रकाशाचा लचका तोडतं. ठळक ताऱ्यांच्या गोल डागाची एक बाजू चावल्यासारखी सपाट दिसते, सगळ्या ताऱ्यांची एकाच दिशेला. बरेच जण हे कोलिमेशन समजून स्क्रू पिळत बसतात. फोकस जुळल्यावर दुर्बिणीच्या तोंडातून आत पाहिलं की नाक किती बाहेर आलंय ते डोळ्यांनीच कळतं.

कोलिमेशन आधी, करेक्टर नंतर

करेक्टर ज्या अक्षाभोवती कोमा पुसतो तो अक्ष आरशाच्या अक्षावर बसला नाही तर तो एका बाजूचा कोमा पुसतो आणि दुसरीकडे नवा लावतो. एफ/४ ला निर्दोष वर्तुळ १.४ मिमीचं असतं, म्हणजे चूक किती चालेल ते दिसतंच. कोलिमेशन करेक्टर काढून करायचं, कारण लेझरचा झोत भिंगातून गेला की वाकतो. आधी दुय्यम आरसा फोकसरखाली गोल आणि मध्यावर दिसतो का ते साइट ट्यूब किंवा चेशायर या कोलिमेशनच्या साधनाने पाहा, मग लेझर मुख्य आरशाच्या मधल्या खुणेवर आणा आणि शेवटी मुख्य आरसा जुळवा. लेझर स्वतः सरळ आहे का हे आधी तपासायला हवं: फोकसरमध्ये तो हळूहळू गोल फिरवला आणि ठिपक्याने वर्तुळ काढलं, तर लेझरच वाकडा. मुख्य आरशासाठी लेझरपुढे बार्लो भिंग लावून मधल्या खुणेची सावली पाहणं जास्त भरवशाचं.

फोकसर ज्या ठिकाणी फोटोला असतो तिथेच ठेवून हे करायचं. स्वस्त रॅक फोकसरची नळी बाहेर आली की मान टाकते, आणि कॅमेऱ्याच्या वजनाने आणखी. आत घेऊन केलेलं कोलिमेशन बाहेर काढल्यावर खरं राहत नाही.

टिल्टचं गणित डोळे उघडणारं आहे. हा करेक्टर फोकल लेंग्थ १.१ पट करतो. एफ/४ आरशावर तो लावला की गुणोत्तर एफ/४.४ होतं, आणि तिथे फोकसची खोली जेमतेम ०.०५ मिमी असते. २३.५ मिमी रुंद सेन्सरच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत ०.०५ मिमी म्हणजे ०.१२ अंश. ड्रॉट्यूब आणि करेक्टरच्या नळीत ०.१ मिमीची ढिलाई असेल आणि पकड ३० मिमीवर असेल, तर एका अंगठा-स्क्रूने दाबल्यावर तिरकेपणा ०.१९ अंश होतो. म्हणजे फोकसच्या खोलीपेक्षा जास्त, तोही फक्त एका स्क्रूमुळे. कॉम्प्रेशन रिंग बरी, तीन स्क्रू त्याहून बरे (आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट करत), आणि फोकसरला आट्यांनी जोडण्याची सोय असेल तर सगळ्यात उत्तम. स्क्रू आवळताना दुर्बीण अशी फिरवावी की फोकसर वरच्या बाजूला येईल आणि कॅमेरा आपल्याच वजनाने कडेवर सपाट टेकेल.

अंतर शोधण्याची चाचणी

७५ हा आकडा सुरुवात आहे. आरशाची फोकल लेंग्थ, फिल्टर आणि कॅमेऱ्यासमोरची काच यांनी तो मिमीभर इकडेतिकडे होतो. आकाशात उंचावर, ताऱ्यांनी भरलेला भाग घ्या. एक्स्पोजर १० ते १५ सेकंद, जास्त नको. लांब एक्स्पोजरमध्ये ट्रॅकिंगची चूक मिसळते आणि मग कशाचं काय ते कळत नाही. ७३, ७४, ७५, ७६, ७७ अशा पाच अंतरांवर प्रत्येकी पाच फ्रेम काढा. प्रत्येक बदलानंतर बाहतिनोव्ह मास्कने (फोकस तपासायच्या खाचांच्या झाकणाने) मध्यावर पुन्हा फोकस करा. हे टाळलं तर चाचणी अंतराची न होता फोकसची होते. मग चारही कोपरे आणि मध्य १०० टक्के मोठे करून शेजारी ठेवा.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर सॉफ्टवेअरने ताऱ्यांची एक्सेंट्रिसिटी मोजा. ०.४२ पर्यंत तारा गोलच दिसतो, कारण तेव्हा लांबी-रुंदीचं गुणोत्तर ०.९ च्या आसपास असतं. ०.६ ला ते ०.८ होतं आणि लंबगोलपणा नजरेत भरतो.

मग चित्र वाचायचं. मध्यासकट सगळे तारे एकाच दिशेला ताणलेले असतील तर माउंट किंवा वारा. करेक्टरला हात लावू नका. चारही कोपरे सारखेच बिघडलेले आणि मध्य चांगला, तर अंतर. एकच कोपरा किंवा एकच बाजू, तर टिल्ट नाहीतर कोलिमेशन. या दोघांत निवड करायची तर कॅमेरा आणि करेक्टर एकत्रच फोकसरमध्ये १८० अंश फिरवा. वाईट कोपरा फ्रेममध्ये त्याच जागी राहिला तर दोष साखळीत आहे. समोरच्या कोपऱ्यात गेला तर फोकसर किंवा आरशांमध्ये.

फ्लॅटनरसाठी (फील्डचा बाक सपाट करणाऱ्या भिंगासाठी) एक नियम सांगितला जातो: तारे बाहेरच्या दिशेने ताणले तर अंतर कमी, मध्याभोवती फिरल्यासारखे दिसले तर जास्त. कोमा करेक्टरला तो डोळे झाकून लावू नये. इथे उरलेला कोमा, ॲस्टिग्मॅटिझम आणि फील्डचा बाक तिन्ही एकदम बदलतात. पाच अंतरांची रांग खरी काय ते सांगते.

आणखी एक पडताळा फुकट मिळतो. आधी करेक्टरशिवाय एक फ्रेम काढून प्लेट सॉल्व्ह करा (सॉफ्टवेअर तारे ओळखून चित्राचं माप काढतं) आणि आरशाची खरी फोकल लेंग्थ काढा. मग करेक्टर लावून पुन्हा सॉल्व्ह करा. ८०० मिमीच्या आरशावर योग्य अंतराला आकडा ८८० च्या आसपास यायला हवा. सेन्सर जवळ असेल तर वाढ कमी भरते. ८५०-८६० दिसले तर कॅलिपर घेऊन साखळी पुन्हा मोजा.

चित्र कसं येतं

अंतर जुळल्यावर एफ/५ वर एपीएस-सी सेन्सरसाठी हा करेक्टर समाधानकारक आहे. एफ/४ वर जरा हात आखडता घ्यावा लागतो. साध्या रचनेचे करेक्टर कोमा काढताना थोडं गोलीय विपथन आणतात आणि वेगवान आरशावर ते मध्यभागी ताऱ्यांच्या फुगण्यात दिसतं. लांब फोकल लेंग्थ आणि साधारण सीइंग (हवेची स्थिरता) असेल तर ते सीइंगमध्येच बुडून जातं. बारीक पिक्सेल आणि स्थिर हवा असेल तर दिसतं.

१.१ पट वाढीची किंमत वेळेत मोजावी लागते. एफ/४ चं एफ/४.४ झालं म्हणजे तेवढ्याच सिग्नलसाठी १०० मिनिटांऐवजी १२१. फुल-फ्रेमसाठी आम्ही हा सुचवणार नाही. भिंगापाशी, सेन्सरपासून ७५ मिमीवर, एफ/४.४ चा शंकू १७ मिमी रुंद असतो; त्यात फुल-फ्रेमचा ४३ मिमी कर्ण मिळवला की ६० मिमीचं मोकळं तोंड लागतं, आणि दोन इंची नळीत ते येणार कुठून? एपीएस-सीला ४५ मिमी लागतात, म्हणजे तिथेही कोपरे थोडे काळवंडतात, पण फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने) ते नीट निघतं.

आणखी एक: न्यूटोनियनला काच नसते म्हणून यूव्ही/आयआर फिल्टरची गरज नाही, हे करेक्टर लावल्यावर खरं राहत नाही. कॅमेऱ्याची काच साधी पारदर्शक असेल तर इन्फ्रारेड प्रकाश वेगळ्या जागी फोकस होऊन ताऱ्यांभोवती सूज आणतो.

पर्याय थोडक्यात. बाडरचा एमपीसीसी मार्क ३ फोकल लेंग्थ बदलत नाही आणि ५५ मिमीवर थेट टी२ मध्ये बसतो. डीएसएलआरवाल्याला जोडायला सर्वात सोपा. स्काय-वॉचरचा ०.९ पटीचा एफ/५ दुर्बिणींसाठी चांगला, वेगही देतो. एफ/४ साठी त्यांचाच चार भिंगांचा अप्लानॅटिक बघावा. टेली व्ह्यूचा पॅराकॉर टाइप २ एफ/३ पर्यंतच्या आरशांना पुरतो, पण १.१५ पट वाढवतो. एफ/५ ते एफ/६, एपीएस-सी किंवा लहान सेन्सर आणि फिल्टर-गायडरची लांब साखळी असेल तर जीएसओ घ्यावा. एफ/४ आणि एखाददुसरा साधा कॅमेरा असेल तर नको.

अंतर एकदा ठरलं की साखळीतल्या प्रत्येक सांध्यावर आरपार एक बारीक रेघ पांढऱ्या रंगाने ओढून ठेवा. घरी आल्यावर कॅमेरा करेक्टरपासून सोडवू नका, दोन्ही एकत्रच फोकसरमधून काढा आणि दोन्ही तोंडांना टोपणं लावून तसंच ठेवा. सांधे उघडले नाहीत तर पुढच्या वेळी फक्त कोलिमेशन आणि फोकस उरतो, आणि कॅमेरा त्याच कोनात बसवला व सेन्सरवर नवी धूळ आली नाही तर फ्लॅटही बहुधा जुनेच चालतात.